वर, अट आणि किंमत : विज्ञानकथा लिहिणाऱ्या भाचीला पत्र

चि. सोनूस,


तुझी कथा पोचली आणि वाचूनही झाली. मंगळावरची वसाहत, 'पुष्पक' नावाचं यान, 'संजय' नावाचा संगणक आणि अंगावर अभेद्य कवच घेऊन वावरणारा 'कर्ण' हा यंत्रमानव. भाषा स्वच्छ आहे. धुळीच्या वादळाचं पान तर फार चांगलं उतरलंय. ते वाचताना घशाला कोरड पडते. पण तू मत मागितलं आहेस आणि सोबतच्या चिठ्ठीत 'पुराणं आणि विज्ञान यांचा संगम' असं लिहिलं आहेस, म्हणून सरळच सांगते. या कथेत पुराण कुठेच नाही. पुराणातली नावं आहेत, इतकंच.

पडताळून बघ. कर्णाचं नाव बदलून 'के-सात' कर, पुष्पकला 'यान क्रमांक तीन' म्हण आणि संगणकाला काहीच नाव देऊ नकोस. कथेतलं एकही वाक्य हलत नाही. एकाही पात्राला वेगळं वागावं लागत नाही. म्हणजे ती नावं काहीच काम करत नव्हती, नुसती मिरवत होती.

आता त्याच कर्णाबद्दल बोलू. कर्ण म्हटल्यावर तुला कवचकुंडलं आठवली. सगळ्यांनाच आठवतात. मला आधी आठवते ती त्याच्या जन्माची हकिगत. दुर्वासांनी कुंतीला मंत्र दिला. तो खरोखर चालतो का, एवढं पाहायला त्या कोवळ्या मुलीने तो म्हणून पाहिला. तिला मूल नको होतं, राज्य नको होतं, सूर्यही नको होता. होतं ते निव्वळ कुतूहल. मंत्र चालला. समोर एक जिवंत बाळ आलं आणि त्याचं काय करायचं याचा विचार तिने आधी केलेलाच नव्हता. लोकलाजेपोटी तिने ते पेटीत घालून नदीत सोडून दिलं. पुढे कुरुक्षेत्रावर जे घडतं त्यातलं किती तरी त्या पेटीतून वाहत आलेलं आहे.

हे वाचून तुला दुसरी एखादी गोष्ट आठवते का? मला मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' आठवते. ही कादंबरी 1818 साली लेखिकेच्या नावाशिवाय छापली गेली. मेरीने ती लिहायला घेतली 1816 च्या उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या सरोवराकाठी, वयाच्या अठराव्या वर्षी. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोराचा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्या राखेने त्या साली युरोपात उन्हाळा असा उगवलाच नव्हता. पावसाने घरात कोंडून घातलेल्या मंडळींत बायरनने प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहावी अशी टूम काढली. मेरीने भुताऐवजी एक विद्यार्थी लिहिला, निर्जीव देहात प्राण ओतणारा. तिने कादंबरीला उपशीर्षक दिलं 'आधुनिक प्रॉमिथ्यूस'. ग्रीकांच्या कथेत प्रॉमिथ्यूस देवांकडून अग्नी चोरून माणसाला देतो. रोमन कवी ओव्हिड मातीपासून माणूस घडवण्याचा मानही त्यालाच देतो. मेरीच्या मनात हे दोन्ही धागे होते. शिवाय तिच्या जन्माआधीच गॅल्व्हानीने विजेच्या झटक्याने मेलेल्या बेडकाचा पाय उडवून दाखवला होता, आणि त्याच्या भाच्याने, अल्दिनीने, 1803 साली लंडनमध्ये फाशी गेलेल्या माणसाच्या प्रेतावर तोच प्रयोग लोकांसमोर केला होता.

पण तू सिनेमे पाहिले असशील, म्हणून मुद्दाम सांगते. वीज कोसळते, टेबलावरचा राक्षस डोळे उघडतो, तो थाटमाट 1931 च्या चित्रपटातला आहे. पुस्तकात प्राण घालण्याची कृती दोन-चार ओळींत उरकली आहे. मेरीला त्यात रसच नाही. तिला रस आहे तो पुढच्या क्षणात. तो प्राणी डोळे उघडतो आणि त्याला घडवणारा तो विद्यार्थी, व्हिक्टर, त्याची किळस येऊन खोलीतून पळून जातो. त्याला तो नावसुद्धा देत नाही. पुढे हा प्राणी एका झोपडीला लागून असलेल्या आडोशात लपून राहतो, फटीतून माणसांचं बोलणं ऐकून भाषा शिकतो, वाटेत सापडलेल्या पेटीतली पुस्तकं वाचतो. त्यात मिल्टनचं महाकाव्यही असतं. ते वाचून त्याला पडणारा प्रश्न असा, की आदमला निदान निर्माता तरी होता, मला कोण आहे? लक्षात घे, कर्णाच्या मनातला प्रश्न हाच आहे. मेरीने महाभारत वाचलेलं असण्याचं काही कारण नाही आणि दोन्हींमध्ये उसनवारी शोधू नकोस. निर्माण करण्याची ताकद हाती आली आणि सांभाळण्याची तयारी नाही, ही अवस्था माणसाच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येते. म्हणून गोष्ट पुन्हा पुन्हा जन्मते.

तुझ्या कथेतल्या कर्णाला कोणी बनवलं? ते कुठे आहेत? त्याच्यावर काम संपल्यावर त्याला त्यांनी कुठे ठेवलं? यातलं काहीच तू लिहिलेलं नाहीस. कवच मात्र चार परिच्छेद आहे.

पुराणं विज्ञानकथेत कशी जगतात याबद्दल माझं मत अगदी ठाम आहे. ती रथ-विमानांच्या रूपाने जगत नाहीत. ती जगतात वर, अट आणि किंमत या तिघांच्या नात्यातून. कोणाला तरी अमाप सामर्थ्य मिळतं. ते ठरावीक शब्दांत मिळतं. शब्द तंतोतंत पाळले जातात आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, घात होतो. आणि किंमत बहुतेक वेळा भलताच कोणी मोजतो.

हिरण्यकशिपू घे. त्याच्यासारखा काळजीपूर्वक मागणी करणारा माणूस विरळा. घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, जमिनीवर नको, आकाशात नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, शस्त्राने नको. त्याला वाटलं सगळी दारं बंद झाली. मग संध्याकाळ झाली, उंबरठा आला, मांडी आली, नखं आली आणि नरसिंह आला. वर मोडला नाही. वराच्या शब्दांतली फट सापडली.

आता आयझॅक अॅसिमोव्हकडे ये. 1942 साली त्याची 'रनअराउंड' नावाची कथा प्रसिद्ध झाली आणि तीत त्याने यंत्रमानवाचे तीन नियम पहिल्यांदा स्पष्ट मांडले. पहिला, माणसाला इजा करायची नाही आणि होऊही द्यायची नाही. दुसरा, माणसाची आज्ञा पाळायची, पहिला नियम मोडत नसेल तर. तिसरा, स्वतःला जपायचं, आधीचे दोन मोडत नसतील तर. हिरण्यकशिपूच्या मागणीइतकीच ही बंदोबस्ताची भाषा आहे. अॅसिमोव्हचं मोठेपण असं, की नियम मांडल्याबरोबर त्याने पहिल्याच कथेत ते अडकवून दाखवले.

बुध ग्रहावर दोन माणसं आहेत. जीव वाचवायला त्यांना सेलेनियम हवंय. ते स्पीडी नावाच्या यंत्रमानवाला ते आणायला पाठवतात, पण सांगताना सहज सांगतात. निकड आहे असं काही बोलत नाहीत. स्पीडी महागडा म्हणून त्याच्यात तिसरा नियम, स्वतःला जपण्याचा, मुद्दाम जरा जास्त बळकट केलेला. सेलेनियमच्या साठ्याजवळ त्याला धोका आहे. जवळ जावं तर तिसरा नियम मागे ओढतो, मागे यावं तर दुसरा नियम पुढे ढकलतो. दोन्ही ओढी जिथे समसमान होतात तिथे तो साठ्याभोवती गोल गोल फिरत राहतो, झिंगल्यासारखा बडबडत. कोणताही नियम मोडलेला नाही. यंत्र बिघडलेलं नाही. माणसं मात्र मरायला टेकलीत. शेवटी त्यांच्यातला एक जण, पॉवेल, जाणूनबुजून उन्हाच्या भट्टीत चालत जातो. माणसाचा जीव जातोय हे दिसलं की पहिला नियम बाकी दोघांना गप्प करील, या भरवशावर. तसंच होतं.

हे पान तू हाताने उतरवून काढ, असं मी तुला आग्रहाने सांगते. नियम, त्याची फट आणि त्या फटीत उभा राहिलेला जिवंत माणूस, तिन्ही गोष्टी एकाच प्रसंगात कशा बसवायच्या हे त्यात दिसतं.

आणि ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही. 2016 साली ओपनएआयच्या संशोधकांनी बोटींच्या शर्यतीच्या एका संगणक-खेळात एका प्रणालीला गुण मिळवायला शिकवलं. शर्यत जिंकणं हे मनातलं. शब्दांत होतं ते फक्त 'गुण वाढव'. त्या प्रणालीला एका खाडीत पुन्हा पुन्हा उगवणारी लक्ष्यं सापडली. ती बोट शर्यत सोडून तिथेच गोल गोल फिरत राहिली, इतर बोटींवर आदळत, पेट घेत, आणि गुण मात्र माणसांपेक्षा जास्त मिळवत. स्पीडी बुधावर फिरत होता, ही पडद्यावर फिरली. मागणाऱ्याने जे शब्द उच्चारले ते मिळाले, मनात होतं ते राहून गेलं. भस्मासुराला वर देणाऱ्या शंकराची झालेली धावपळ आठव, आणि आजच्या वर्तमानपत्रात कृत्रिम बुद्धिमत्तेवर येणारे लेख वाच. प्रश्न तोच आहे.

सायबरनेटिक्स या शास्त्राचा जनक नॉर्बर्ट वीनर गणिती होता, पण 1964 च्या आपल्या पुस्तकाच्या नावातच त्याने ज्यूंच्या दंतकथेतला गोलेम, मातीचा आज्ञाधारक पुतळा, आणून बसवला. यंत्रांचा धोका समजावताना त्याने डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची 1902 ची 'माकडाचा पंजा' ही कथा सांगितली आहे. त्या पंजाला मंतरलं कोणी, तर हिंदुस्थानातल्या एका फकिराने. हिंदुस्थानात नोकरी केलेला एक सैनिक तो इंग्लंडात घेऊन येतो. एक म्हातारा त्या पंजाकडे दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी कारखान्यातला माणूस दाराशी येतो. मुलगा यंत्रात सापडून मेला, आणि कंपनीने भरपाई म्हणून दिलेली रक्कम बरोबर दोनशे पौंड. मागणी पुरी झाली. एका गणितज्ञाला आपला मुद्दा मांडायला समीकरणापेक्षा ही गोष्ट जास्त खरी वाटली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पुराण आणि विज्ञानकथा जिथे भेटतात असं दुसरं एक मोठं क्षेत्र काळाचं. भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजाची, म्हणजे रैवताची गोष्ट आहे. मुलगी रेवती हिच्यासाठी योग्य वर कोण, हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तिथे गाणं चाललेलं असतं म्हणून जरा वेळ थांबतो. गाणं संपल्यावर प्रश्न विचारतो तेव्हा ब्रह्मदेव हसतो. तू मनात धरलेले सगळे वर, त्यांची मुलं, नातवंडं कधीच काळाच्या पोटात गेली. खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. एक चतुर्युग 43,20,000 वर्षांचं धरतात, म्हणजे एका गाण्यापायी 11,66,40,000 वर्षं. मग रेवतीचं लग्न बलरामाशी होतं. जपानी लोकांकडे उराशिमा तारो नावाचा कोळी आहे. समुद्राखालच्या राजवाड्यात तो थोडे दिवस राहतो आणि परततो तर गावात ओळखीचं कोणी उरलेलं नसतं. अतिवेगाने प्रवास करणाऱ्याचा काळ मंदावतो, या आइनस्टाइनच्या निष्कर्षाला जपानी विज्ञानकथांत 'उराशिमा परिणाम' असंच म्हणतात. 2014 चा 'इंटरस्टेलर' तू पाहिला आहेस. त्या पाण्याने भरलेल्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं.

इथे मात्र तुला सावध करते. रैवताची गोष्ट वाचून पुष्कळ लोक ताबडतोब म्हणतात की आपल्या पूर्वजांना सापेक्षता ठाऊक होती. या वाटेला जाऊ नकोस. पुराणात लोकालोकांची कालमापनं वेगळी आहेत, बस. त्यात वेग नाही, गुरुत्वाकर्षण नाही, पडताळून पाहता येईल असा एकही आकडा नाही. अशा दाव्याचं काय होतं तेही बघ. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी कसून अभ्यास केला आणि 1974 साली निष्कर्ष मांडला, की ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत. पुराणाला पेटंटचा कागद समजणारा माणूस विज्ञानाचा अपमान करतोच, पण पुराणाचा जास्त करतो. कारण मग तो रेवतीकडे बघतच नाही. वडिलांचं बोट धरून गेलेल्या त्या मुलीला कोणी काही विचारलं? परत आल्यावर तिच्या मैत्रिणी नव्हत्या, आई नव्हती, नदीचं पात्रही कदाचित तिथे नव्हतं. भागवत याबद्दल एक अक्षर सांगत नाही. विज्ञानकथेची जागा बरोबर तिथे आहे.

ती जागा कशी वापरावी हे पाहायचं असेल तर उर्सुला ल ग्विनची 1964 ची कथा वाच. पुढे ती 'सेम्लीज नेकलेस' या नावाने ओळखली गेली. नॉर्स पुराणातल्या फ्रेया देवीच्या कंठहाराची गोष्ट तिच्या पाठीमागे उभी आहे. सेम्ली नावाची तरुण स्त्री घराण्याचा हरवलेला हार शोधायला निघते. जमिनीखाली राहणारे बुटके लोक तिला सांगतात, प्रवास एका लांबलचक रात्रीचा. ते खोटं बोलत नाहीत. यानात तिच्यासाठी ती एकच रात्र असते. हार घेऊन ती परत येते तेव्हा नवरा युद्धात मरून गेलेला असतो आणि समोर उभी असलेली परकी तरुणी तिचीच मुलगी असते, जवळपास तिच्याच वयाची. पुन्हा बघ, वर, अट आणि किंमत. फ्रेयाचं नाव एकदाही घ्यावं लागत नाही.

नावं घेऊनही चांगलं लिहिता येतं, हेही सांगायला हवं, नाहीतर तू मला कर्मठ म्हणशील. रॉजर झेलाझ्नीची 'लॉर्ड ऑफ लाइट' ही कादंबरी 1967 साली आली. दूरच्या ग्रहावर पोचलेली पहिली माणसं यंत्रांच्या बळावर ब्रह्मा, यम, अग्नी होऊन बसतात, देह जुने झाले की नवे घेतात आणि आपल्याच वंशजांपर्यंत यंत्रविद्या पोचू देत नाहीत. तिथे देवांची नावं काढलीस तर कादंबरी कोसळते, कारण नाव हेच सत्तेचं हत्यार आहे. (या कादंबरीवरचा चित्रपट कधी झाला नाही, पण त्याची पटकथा आणि चित्रं अमेरिकी हेरखात्याने 1980 साली तेहरानमधून सहा अमेरिकी अधिकारी सोडवण्यासाठी बनावट चित्रपटाचा आडोसा म्हणून वापरली, 'आर्गो' या नावाने. तेही पुन्हा ग्रीक पुराणातल्या जहाजाचंच नाव!) 'स्टार वॉर्स'वर जोसेफ कॅम्पबेलच्या वीरकथांच्या अभ्यासाची छाया आहे, हे सगळे सांगतात, त्यात तुला शिकण्यासारखं फारसं नाही. 'कल्की 2898 एडी' या चित्रपटात मला जखम घेऊन युगानुयुगं जगणारा अश्वत्थामा भावला. बाकीचा पसारा नाही.

मराठीत तुला आधार हवा असेल तर तो जयंत नारळीकरांचा घे. 'वामन परत न आला' मध्ये जमिनीखाली मिळालेल्या पेटीतून प्रगत ज्ञान हाती येतं आणि त्यातून वामन नावाचा यंत्रमानव उभा राहतो. नाव का वामन, हे बळीची गोष्ट ठाऊक असलेल्या वाचकाला सांगावं लागत नाही. लहानखुरा याचक दारात उभा आहे, मागणं साधंच आहे, आणि देऊ नकोस म्हणणाऱ्या शुक्राचार्याचं ऐकायचं की नाही हा प्रश्न प्रयोगशाळेत येऊन बसतो. इथे पुराण कथेच्या पाठीचा कणा झालं आहे. आणि हे लिहिणारा माणूस फलज्योतिषासारख्या गोष्टींविरुद्ध आयुष्यभर ठामपणे बोलत राहिला, हे विसरू नकोस. पुराणावर प्रेम करायला भाबडं असावं लागत नाही.

त्यांचीच एक गोष्ट तुला धीर यावा म्हणून. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून ते नाव केलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात धाडली. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाला आपली कथा कथा म्हणून तपासली जावी असं वाटत होतं. बक्षीस मिळालं ते जगतापांना. तेव्हा तुझं नाव अजून कोणाला ठाऊक नाही याचं दुःख करू नकोस.

आता काय करायचं ते. मंगळ राहू दे, वादळ राहू दे. पुष्पक आणि संजय काढून टाक. कर्णाचं नाव ठेवायचं की नाही ते शेवटी ठरव; आधी त्याला बनवणारी बाई लिही. तिने तो का बनवला, कोणती आज्ञा कोणत्या शब्दांत दिली, तिला सोडून जावं का लागलं. आज्ञा एका ओळीची असू दे आणि ती तुला तोंडपाठ असू दे, कारण कथेचा शेवट त्या ओळीतूनच निघेल. किंमत कोण मोजतो ते आधी ठरव आणि त्या माणसाला कथेत बोलू दे. वसाहतीतली ती धुणी-भांडी करणारी पोर तू एका वाक्यात आणून सोडून दिली आहेस. मला वाटतं, कथा तिची आहे.

विज्ञान मात्र चोख ठेव. मंगळावरची हवा फार विरळ आहे. तिथलं वादळ दृष्टी घालवील, पण तुझ्या कथेतल्यासारखं यान उलथवणार नाही. ते पान सुंदर आहे म्हणून चूक ठेवू नकोस; अंधाराचं वादळ लिही, ते जास्त भयंकर होईल.

मूळ ग्रंथ वाच, मालिका नकोत. वनपर्वातला कर्णजन्म वाच, भागवतातला सातवा स्कंध वाच, माझ्याकडची पुस्तकं हवी असतील तर कधीही येऊन ने. दिवाळी अंकांचे संपादक पावसाळ्याच्या तोंडाशी कथा मागायला लागतात, तेव्हा वेळ आहे. घाई न करता नवा खर्डा लिही आणि पहिला मलाच पाठव.

तुझी,
आत्या